आईचं वाचन वाजवणारा डबा

आमच्या घरचा कॉम्प्युटर म्हातारा आहे. विंडोज त्याला झेपेना, तेव्हा ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं त्यात लिनक्स टाकून दिलं आणि म्हणाली, "आता हा मरेपर्यंत चालते, ताई." तो चालतोच आहे. दमले ती मी. सकाळी सिंदी मेघेहून वर्ध्याला ऑफिस, संध्याकाळी स्वयंपाक, बाबांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब. त्यात दुकानदारानं "सगळ्यात चालते" म्हणत गळ्यात मारलेला नवा प्लेअर या कॉम्प्युटरला जोडून बघायचा. सगळ्यात चालते म्हणजे आमचा सोडून, हे मला आता पाठ झालं आहे.

बाबांना आईचं वाचन ऐकायचं होतं, बस. बाकी काही नाही.

आईबाबा तळेगावला राहत. पावसाळ्यात, वर्षावासाच्या तीन महिन्यांत तिथल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं, आणि कैक वर्षं ते आईकडेच होतं. आधी ती त्रिशरण-पंचशीलाची वंदना घ्यायची, सगळे तिच्या मागून म्हणायचे, मग चष्मा पुसून वाचायला लागायची. शेवटच्या वर्षी लाऊडस्पीकरच्या मशीनमध्ये कुणीतरी मेमरी कार्ड टाकलं, म्हणून तिचं रोजचं वाचन त्यात उतरलं. पुस्तक अर्ध्याच्या वर गेलं होतं आणि आई गेली. पुढचं दुसऱ्या एका बाईनं वाचलं आणि आश्विन पौर्णिमेला समाप्ती झाली. बाबा त्या समाप्तीला गेले नाहीत. नंतर काचबिंदूनं त्यांची नजर गेली, तेव्हा मी त्यांना इकडे घेऊन आले आणि ते कार्ड माझ्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलं.

मोबाईलवर ऐकवा म्हणणारे भेटतात, त्यांना मी हात जोडते. नजर नसलेल्या माणसाला टचचा मोबाईल देऊन बघा एकदा. बाबांचं बोट कुठं तरी लागायचं आणि कुणाला तरी फोन जायचा. एकदा सिलिंडरवाल्याला लागला. त्या भल्या माणसानं आईचं अख्खं पंचशील मुकाट ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "टंकी आणू का?"

"मले बटनाचा पायजे," बाबा म्हणाले. "दाबला का वाजला पायजे. आन त्याच्यात रेकॉर्डिंग झाली पायजे."

"रेकॉर्डिंग कायले, बाबा? तुम्ही काय गाणं म्हणणार आहात?"

"असू दे न. झाली पायजे."

म्हाताऱ्या माणसाची हौस, म्हणून मी ते कानाआड केलं. मला माझ्या कॉम्प्युटरचंच पडलं होतं.

पहिला प्लेअर दिसायला देखणा होता. घरी आणल्यावर कळलं की त्यात काही भरायचं तर त्याचंच सॉफ्टवेअर लागतं, आणि ते लिनक्सवर उघडतच नाही. परत केला. दुसरा होता जुन्या गाण्यांचा डबा, कार्ड घालायची सोय असलेला. मी हौसेनं नवं कार्ड लिनक्सच्या पद्धतीनं फॉरमॅट केलं, त्यात आईचं वाचन भरलं आणि डब्यात घातलं. डबा मुका. दुकानदार म्हणाला, कार्ड खराब आहे. कार्डाला काही धाड भरली नव्हती. त्या डब्याला जुन्या पद्धतीचंच फॉरमॅट कळतं, एवढंच होतं. ते माझ्या डोक्यात शिरेपर्यंत मी दुकानदारालाही शिव्या घातल्या आणि स्वतःलाही.

मग वाजला एकदाचा. मी पोळ्या लाटत होते. बाबा ताठ मांडी घालून, हात जोडून बसले. आईनं वंदना घेतली, पहिल्या दिवसाचं वाचन झालं. दुसरी फाईल सुरू झाली तसे बाबा ओरडले, "अवं, हे तं पुढचं हाय! इथं अजून आलो नाई आपण!" फायलींना मी नुसते आकडे दिले होते, आणि डबा शब्दकोशासारखा नुसता पहिला आकडा बघून एकानंतर दहा वाजवत होता, मग अकरा. पोळी करपली. एकाच्या आधी शून्य लावा, दोनाच्या आधी शून्य लावा, हे काम मी दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर केलं. तेव्हा मला खरंच रडू आलं, एवढ्याशा शून्यांसाठी.

त्यातही डबा बंद केला की रोज पहिल्यापासून सुरू व्हायचा. बाबा रोज पहिलाच दिवस ऐकायचे. म्हणून तिसरा प्लेअर. हा छोटा, बटणांचा, कॉम्प्युटरला पेनड्राईव्हसारखा दिसणारा, काही सॉफ्टवेअर न मागणारा. शिवाय काल जिथं थांबला तिथूनच आज वाजणारा. त्याला माईक नव्हता. नसेना का, मी म्हटलं, आणि घेऊन टाकला.

दुसऱ्याच दिवशी बाबांनी तो मधेच बंद केला. "वंदना काऊन नाई घेतली?"

"बाबा, तो कालच्यापुढून वाजतो. तुम्हालाच पाहिजे होतं ना?"

"पण वंदना घेतल्याबिगर वाचत असते का कोणी?"

मी कपाळावर हात मारून घेतला. मग एक रविवार घातला. आईची वंदना वेगळी काढली, लांब लांब दिवसांचे छोटे भाग केले, आणि प्रत्येक भागाच्या आधी ती वंदना जोडली. म्हाताऱ्या कॉम्प्युटरचा पंखा गिरणीसारखा घरघरत होता. पण झालं सगळं मनासारखं. बाबा रोज संध्याकाळी एक भाग ऐकायचे, शेवटी "साधू, साधू, साधू" म्हणायचे आणि बटण दाबायचे. मला वाटलं, सुटले.

यंदाचा वर्षावास अजून संपायचा होता आणि आईचं वाचन संपलं. एका वाक्यावर थांबलं, पुढं काही नाही. दुसऱ्या दिवशी बाबांनी प्लेअर लावला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

"लावा ना पुन्हा पहिल्यापासून," मी म्हटलं.

"याच्यात रेकॉर्डिंग होते का?"

"नाही होत."

"मंग दुसरा पाह्य."

माझं डोकंच फिरलं. ऑफिसातून येऊन मी अजून पाणीसुद्धा प्यायले नव्हते. "दुसरा? किती दुकानं पालथी घातली मी, बाबा! किती रविवार गेले माझे! काय भरायचं आहे तुम्हाला त्यात, एकदा सांगा तरी!"

 बाबा हळू म्हणाले, "पुढचं. तुह्या आईचं जिथं तुटलं, तिथून पुढचं तू वाचावं म्हणलं. मी समाप्तीले गेलो नाई तवा. पाय नाई उचलला माह्या. आता वाटते ऐकावं."

"मग सांगायचं ना मला! वाचून दाखवलं असतं मी."

"तू थकून येतं रोज. तुले कायले बसवून ठेवू? डब्ब्यात रेकॉर्डिंग असली का सैपाक करता करता पानभर वाचून ठेवशीन, मी माह्या टायमानं ऐकीन. तुले बसा नाई लागणार."

इतके दिवस मी कॉम्प्युटरला चालेल असा प्लेअर शोधत होते, आणि ते माझ्या थकव्याला चालेल असा मागत होते.

मी गॅस बंद केला. आईचं पुस्तक कपाटातून काढलं. तिनं घातलेली दोऱ्याची खूण जागेवर होती. बाबांच्या शेजारी सतरंजीवर बसले आणि ते शेवटचं वाक्य शोधून पुढचं वाचायला तोंड उघडलं.

"वंदना?" बाबा म्हणाले.

मला वंदना पाठ आहे. पण मी प्लेअर घेतला आणि बटण दाबलं. आईनं वंदना घेतली, आम्ही दोघं तिच्या मागून म्हणालो. मग मी पुन्हा बटण दाबून तिला थांबवलं आणि पुढचं वाचायला लागले.