चुलीमागची मिरची

सासरी मला नावानं कोणी हाक मारली नाही. आमच्याकडे सून ज्या गावची, त्या गावानं तिला ओळखतात. मी कोंढ्याची, म्हणून कोंढेवाली. सासू बपेऱ्याची, म्हणून गावातल्या जुन्या बाया तिला म्हातारपणीही बपेरेवालीच म्हणत. एका गावात जन्म काढायचा आणि नाव दुसऱ्या गावाचं वागवायचं. नवी होते तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नाही.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. सासरचं गाव साकोलीजवळ, मागं जंगल, पुढं तलाव आणि मधे पाणी अडवलेल्या धानाच्या बांध्या. माहेराहून येताना पदराच्या गाठीत मिरचीचं बी बांधून आणलं होतं. कोंढ्याच्या मिरचीचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू? माझ्या आईच्या घरामागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, नुसतं बी फेकलं तरी मिरची यायची. म्हणून आल्या आल्याच मी सासूसमोर बोलून बसले, "आता तुमाले इकत मिरची आना लागनार नाई." नवी नवरी आणि तोंड हे असं.

मी वाफे करायच्या आधीच नवऱ्यानं फावडं उचललं. बिचाऱ्यानं प्रेमानंच उचललं. पण धान पिकवणारा माणूस तो, माती दिसली की तिला बांध घातल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्यानं सांदवाडीला चारी बाजूंनी सुरेख पाळ घातली, तळ थापून घट्ट केला आणि पावसाचं पाणी अडवून ठेवलं.

"अजी, मिरचीचे पाय वल्ले राह्यलेले चालत नाई," मी म्हटलं.

"पान्याबिगर काही वाढते का वं? तू उगी राय."

उगी राहिले. रोपं पाण्यात उभी राहून बुडातून सडली. धानाच्या गावात पाणी जास्त झालं असं कोणी म्हणतच नाही, त्यामुळे त्याच्या पाळीत कोणाला खोट दिसली नाही. खोट दिसली ती माझ्या हातात. "कोंढेवालीच्या हाताले गुन नाई," असं बाया विहिरीवर बोलायला लागल्या.

तुम्हाला वाटेल, एवढ्याशा मिरचीचं काय घेऊन बसली. पण या हातगुणावर आमच्याकडे एक मोठी गोष्ट ठरते. धानाचे कोवळे पऱ्हे उपटून बांधीत लावायचे, त्याला रोवणी म्हणतात. रोवणीच्या दिवशी पहिली मूठ घरच्या सुनेनं लावायची. बांधीला हळदीकुंकू वाहायचं, पदर खोचायचा, चिखलात उतरायचं आणि पहिले पऱ्हे रोवायचे. मगच बाकीच्या बाया वाकतात. ती मूठ लावली की सून घरची झाली. तोवर ती पाहुणी, मग कितीही भांडी घासो.

दुसऱ्या पावसाळ्यात रोवणीच्या आदल्या दिवशी सासू म्हणाली, "कोंढेवाली, तू उद्या घरीच राय. सैपाक पाय." मूठ लावायला शेजारची चुलतसासू गेली. तिचं घर लेकरांनी भरलेलं, सगळी धडधाकट, तिच्या हाताबद्दल कोणाला शंका नव्हती. माझ्या मांडीवर मूल नव्हतं आणि सांदवाडीत मिरची नव्हती. बायांनी दोन्हींची बेरीज केव्हाच करून ठेवली होती. मी दिवसभर चुलीपुढं बसून रडले. धूर होता म्हणून डोळे लाल कशानं झाले हे कोणी विचारलं नाही.

पण मी हट्टाची. पाऊस ओसरता ओसरता पुन्हा रोपं लावली. या खेपेला नवऱ्याला फावड्याला हात लावू दिला नाही. उंच वरंबे ओढले, पाण्याला वाट काढून दिली. शेवटी एक रोप उरलं. टाकून द्यायला जीव होईना, म्हणून ते स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीशी खोचलं आणि विसरून गेले.

वरंब्यांवरची रोपं अशी काही फुटली की सासूही येता-जाता थांबून बघायची. दिवाळी झाली, गावची मंडई, म्हणजे जत्रा, झाली, पाहुणे आले नि गेले. फुलांनी झाडं भरली. मी मनात म्हटलं, जिंकली मी.

मग थंडी उतरली. कोंढ्याला असली थंडी मी कधी पाहिली नव्हती. जंगलाकडून गारवा यायचा, तलावावरून धुकं यायचं आणि दोघं मिळून आमच्या सखल सांदवाडीत दिवस वर येईपर्यंत बसून राहायचे. एकाच जिल्ह्यातली दोन गावं, पण हवा दोन सासवांसारखी वेगळी. रोज सकाळी झाडांच्या बुडाशी पांढऱ्या फुलांचा सडा. मिरची एकही धरेना. चुलतसासूनं कुंपणावरून डोकावून बघितलं आणि म्हणाली, "हातच तसा असला त माती बिचारी का करन, माय?"

खरं सांगते, त्या दिवशी मीही मानलं. हातच वाईट असेल माझा. पाटावर बसून मी दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले. भाकर थापणारे, शेण सारवणारे, चारचौघींसारखे हात. तरी त्यांचीच मला भीती वाटायला लागली.

मग एका सकाळी राख टाकायला घरामागं गेले तर भिंतीशी काहीतरी लाल दिसलं. ते विसरलेलं रोप. मिरच्यांनी वाकलेलं. हिरव्या होत्या, लालीवर आलेल्या होत्या, वर अजून फुलंही होती आणि एकही गळलेलं नव्हतं. आमची मांजर त्याच भिंतीला पाठ लावून झोपली होती. मी भिंतीवर हात ठेवला. ऊबदार होती. बरोबर पलीकडे चूल, तिच्यात राखेखाली रात्रभर विस्तव जिवंत राहायचा. तलावाकडचा वारा भिंत अडवत होती आणि वर कौलांची वळचण दवापासून झाकत होती.

मी झाडाजवळ उकिडवी बसले. तेच बी, तोच दिवस, तोच हात. हात वाईट असता तर हेही मेलं असतं. छातीवरचा दगड कोणीतरी उचलून बाजूला ठेवला असं वाटलं आणि मला हसू आवरेना.

"आत्याबाई, जरा इकडे याल का?"

सासू आली. झाडाकडे बघून म्हणाली, "हे कोनं लावलं?"

"म्याच. त्याच दिवशी. त्याच बियाचं."

"मंग वाफ्यातले फुलं काहून गळून राहिले?"

"भिंतीले हात लावून पाहा."

तिनं तळवा भिंतीवर टेकवला. बराच वेळ काढला नाही. काय मनात आलं कोण जाणे. मग दोन मिरच्या तोडल्या नि आत गेली. दुपारी भातासोबत त्या खाल्ल्या, नाक पुसलं आणि म्हणाली, "तिखट हाय." सासूच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ.

तेव्हापासून मी घराच्या कडेकडेनं फिरून हवा चाचपायला शिकले. चुलीमागं मिरची, न्हाणीच्या ओलाव्याला अळू, धुक्याच्या सखल कोपऱ्यात थंडी सोसणारी मेथी. पुढं ऐंशी साल उलटल्यावर तलावाकाठची झाडं तुटली, धुकं पातळ झालं, नि उघड्यावरही मिरची धरायला लागली. पण ते नंतरचं.

त्या हिवाळ्यानंतरच्या रोवणीला मी आपली पहाटेच चूल पेटवायला बसले. सांगायची वाट कशाला बघायची?

सासू दारात उभी. "चूल कायले पेटवून राहिली? चाल बांधीवर."

बांधीवर चुलतसासू पदर खोचून तयारच होती. सासूनं पऱ्ह्यांची पेंढी उचलून माझ्या हातात दिली. "आज कोंढेवाली लावन."

"अवं बपेरेवाली, वरीसभराचं धान हाय. खेळ नोहे."

"मले मालूम हाय." सासू बांधीकडे बघत बोलत होती. "म्या बपेऱ्याहून वालाचं बी आनलं होतं. त्याच सांदवाडीत लावलं. फुलं गळून गेले. माह्या सासूनं मले जलमभर मूठ देल्ली नाई. हात वाईट म्हने. म्या मानलं." मग माझ्याकडे बोट केलं. "हे पोरगी मानत नाई."

चुलतसासू बांधावरून बाजूला झाली. मी बांधीला हळदीकुंकू वाहिलं. पदर खोचला, चिखलात उतरले, वाकले. पण हात पुढं जाईना. पेंढी सोडली, अर्धे पऱ्हे काढले आणि सासूपुढं धरले.

"आता कायले माहे हात? कंबर वाकत नाई," ती म्हणाली आणि वाकली.

आम्ही दोघींनी मिळून पहिली मूठ लावली. बाकीच्या बाया मागं ओळीनं वाकल्या, काम सुरू झालं. माझी पोरगी पुढं दोन वर्षांनी झाली, तो विषय निराळा. धान त्या साली बरं झालं. घरी आल्यावर मी हातपाय धुतले, सासूसाठी घंगाळात पाणी काढून ठेवलं. ती ओसरीवर बसून राहिली. सांजेला मी चूल पेटवली तेव्हाही तिच्या हातांवरचा चिखल तसाच होता.