गाडीवरचा मांडव

बॅटरी मी संपवली होती आणि नाव घेतलं ड्रायव्हरकाकांच्या रेडिओचं. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे हात अडखळणार नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी फिरत्या नेत्रतपासणीच्या गाडीवर मदतनीस होतो. जुन्या बसचंच घर केलेलं. मागे पडद्याआड डॉक्टरांची खुर्ची आणि तपासणीचा दिवा, मधे स्टोव्ह आणि भांडी, पुढे काकांची आणि माझी झोपायची फळी. टपावर प्रयोग म्हणून मिळालेलं सोलर पॅनेल होतं. ते दिवसभर उन्हावर एक वेगळी बॅटरी भरायचं आणि तिच्यावर दिवा आणि छोटा पंखा चालायचा. इंजिनाची बॅटरी निराळी, तिला उगाच हात लावायचा नाही, हा काकांचा दंडक. जनरेटरही होता, पण तो सुरू झाला की म्हाताऱ्या माणसांना डॉक्टरांचं बोलणं ऐकू येत नसे. पॅनेल रोज पुसायचं आणि त्यावर सावली पडू द्यायची नाही, हे काम माझं.

त्या मे महिन्यात आम्ही देवरूखच्या पुढे डोंगरातल्या एका गावी होतो. सकाळीच काका पंक्चर झालेलं चाक घेऊन एसटीने देवरूखला गेले. इकडे गावकरी नुकत्याच झालेल्या लग्नाच्या मांडवाचे वासे आणि नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप घेऊन आले.

"पावण्यांची गाडी उन्हात ठेवून आमी सावलीत बसू काय?" एक आजी माणसांना कामाला लावत म्हणाल्या. "डॉक्टर तापले तर डोळे कोण बघणार?"

बघता बघता अख्ख्या गाडीवर मांडव उभा राहिला. पॅनेलला ऊन लागतं, एवढंच मला सांगायचं होतं. पण आत इतकं गार झालं की मी गप्प बसलो. डॉक्टर सरपंचांकडे जेवायला गेले, तसा मी पंखा लावून आडवा झालो. सगळी दुपार पंखा चालू होता.

संध्याकाळी माणसं शेतातून परतली आणि तपासणी सुरू झाली. त्याच आजी खुर्चीत बसल्या होत्या. दिवा पिवळा पडला, लाल झाला आणि विझला.

"माझे डोळे गेले की तुमचा दिवा?" आजींनी विचारलं. बाहेरची माणसं हसली. डॉक्टर हसले नाहीत.

"बॅटरी कुणी उतरवली?"

काका नुकतेच चाक घेऊन दारात पोचले होते. मी त्यांच्याकडे न बघता म्हणालो, "काका रात्री रेडिओ लावतात ना."

रेडिओ स्वतःच्या सेलवर चालायचा. ते मला माहीत होतं, काकांनाही. डॉक्टरांना नव्हतं. ते म्हणाले, "पुढच्या खेपेपासून रेडिओ घरी ठेवायचा." काकांनी वर झापांकडे पाहिलं, खाली आजींकडे पाहिलं आणि म्हणाले, "ठेवतो." जनरेटरपेक्षा इंजिनाचा आवाज कमी, म्हणून वायरी जोडून त्यांनी इंजिन चालू केलं. मांडवात धूर कोंडला, सगळे खोकले, पण दिवा लागला आणि शेवटच्या माणसापर्यंत तपासणी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका गावकऱ्यांना म्हणाले, "आमच्या गाडीला कोवळ्या उन्हाची सवय आहे. टपावरचे चार झाप तेवढे काढूया." आजींनी स्वतः उभं राहून झाप काढून घेतले.

"काल डॉक्टरांसमोरच झापांचं का नाही बोललात?" मी नंतर हळूच विचारलं.

"त्या म्हातारीनं मायेनं घातलेला मांडव. तिच्यासमोर त्याला दोष द्यायचा?"

माझ्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. उलट त्या मोसमात गाडी कुठे तिरकी उभी करायची, वायर कुठे तापते, आमटी पातळ झाली तर काय करायचं, सगळं मला त्यांनीच शिकवलं. आजही माझ्या घरातलं जे काही बिघडतं ते मी दुरुस्त करतो, ते त्यांच्या हाताचं देणं आहे. रेडिओ मात्र त्यांनी परत आणला नाही. जेवण झाल्यावर ते नुसते अंधारात बसून राहायचे आणि मी भांडी घासत बसायचो.

मोसम संपल्यावर एके दिवशी मी आधी डॉक्टरांकडे जाऊन खरं सांगितलं आणि तिथून थेट काकांच्या घरी गेलो. ते पडवीत सुतळी वळत होते. नवे सेल मी त्यांच्यापुढे ठेवले.

"हे कशाला रे?"

"काका, बॅटरी तुमच्या रेडिओनं नव्हती उतरली. मी पंख्याखाली झोपलो होतो आणि मांडव घालताना तोंड मिटून बसलो. डॉक्टरांना सांगून आलोय. तुमच्यावर खोटा आळ घातला, माझं चुकलं."