पहिल्या रडण्याची वेळ

"मॅडम, ऊपर आ जाइए. फॉर्म सेव्ह नहीं हो रहा."

लेबर वॉर्डमधून सिस्टर लिसीचा फोन होता. ती वॉर्डची इन्चार्ज, केरळची, कधीही आवाज न चढवणारी. त्या दिवशी तिचा आवाज बसलेला होता. मागे कॉम्प्युटरचा बीप वाजत होता.

मी कुवेतमध्ये, फरवानियातल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये पेशंट रेकॉर्ड्सच्या सॉफ्टवेअरचं काम बघते. सॉफ्टवेअर जुन्या वळणाचं आहे. काळा स्क्रीन, पांढरी अक्षरं, माउस नाही. स्क्रीनवर छापील कागदासारखा फॉर्म येतो. त्यातल्या प्रत्येक रिकाम्या जागेला फील्ड म्हणतात. एक भरून एंटर दाबलं की कर्सर पुढच्या फील्डवर जातो. हे फॉर्म बनवायला एक टूल असतं. कुठल्या ओळीत काय बसवायचं, कुठलं उत्तर आल्यावर कर्सरने कुठे उडी मारायची, हे सगळं त्यात ठरवता येतं. एखादा फील्ड सक्तीचा असला तर त्याला 'रिक्वायर्ड' म्हणतात. तो रिकामा ठेवला की मशीन बीप करतं आणि सेव्ह करायला साफ नकार देतं.

वर गेले तर नवजात बाळाचा फॉर्म उघडा होता. क्वालिटी कमिटीच्या आग्रहाने त्यात नुकताच एक फील्ड वाढवलेला होता. पहिल्या रडण्याची वेळ. रिक्वायर्ड.

"बेबी रोया ही नहीं, मॅडम," सिस्टर म्हणाली. "मैं क्या लिखूँ?"

बाळ पोटातच गेलं होतं. आईला पूर्ण भूल देऊन तातडीने सीझर करावं लागलं होतं.

गुरुवार होता. आमचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांमधून कागद फिरवून आणणारा माणूस, लिफ्टपाशी ताटकळत उभा होता. फॉर्म सेव्ह झाल्याशिवाय दाखला छापता येत नाही. दाखल्याशिवाय दफनाची परवानगी मिळत नाही. शुक्रवार-शनिवार सगळं बंद. म्हणजे बाळ रविवारपर्यंत शवागारात.

मी मॅनेजरना फोन लावला. तारेकसर, इजिप्तचे. बोलणं इंग्रजीतच होतं.

"कुठलीही वेळ टाक आणि मोकळी हो. रविवारी दुरुस्त करू."

"सर, वेळ टाकली की सिस्टीम बाळ जिवंत जन्मलं असं धरते. मग आधी जन्माचा दाखला, मग मृत्यूचा. आणि डॉक्टरांची सही खोट्या गोष्टीवर."

"फॉर्म बदलायला कमिटीची मंजुरी लागते. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

मग ते म्हणाले, "मुलगा होता की मुलगी?"

"मुलगा."

"कर बदल. आधी टेस्टवर बघून घे. कमिटीला मी तोंड देतो."

टेस्ट म्हणजे आमच्या सिस्टीमची सरावाची प्रत. तिच्यात काही बिघडलं तरी खऱ्या पेशंटचं काही बिघडत नाही. मी नर्सेसच्या टेबलावरच टूल उघडलं. तेवढ्यात समोर कोणीतरी येऊन उभं राहिलं.

"मॅडम, तुम्ही मराठी ना?" त्याने माझ्या आयडीवरचं आडनाव वाचलं होतं. "मी नितीन. ते बाळ... आमचं."

नाशिकचा मुलगा. अहमदीत एका कॉन्ट्रॅक्टरकडे इंजिनिअर. ऑफिसातून थेट आला असावा, सेफ्टी शूज तसेच पायात होते.

"मी ऐकलं तुमचं फोनवरचं," तो म्हणाला. "ती वेळ टाकलीत तर नाही का चालणार? जन्मल्यावर एका मिनिटाची?"

"तसं नाही करता येत, नितीन. खोटं होईल ते. तुम्हालाच पुढे त्रास होईल."

"त्रासाचं काही नाही हो." तो टेबलाची कड धरून उभा होता. "प्राजक्ता शुद्धीवर आल्या आल्या विचारत होती, रडला का, रडला का. मी सांगून बसलो, एकदा रडला, मग गेला. आता कागद तिच्या हातात पडला तर?"

सिस्टरला मराठी येत नाही, पण तिने मान खाली घातली.

मी म्हटलं, "कागदाच्या आधी तुम्ही सांगा. कागदावरून कळू देऊ नका."

त्याने टेबलाची कड सोडली. मग आत गेला.

मी काम सुरू केलं. बाळाच्या स्थितीच्या फील्डला 'मृत' असं उत्तर आलं, की कर्सरने रडण्याच्या वेळेवरून उडी मारून थेट वजनावर जायचं. एका ओळीचं काम. इतक्या वर्षांत अशा ओळी किती लिहिल्या असतील. त्या दिवशी स्पेलिंग पुन्हा पुन्हा चुकत होतं. टेस्टवर चाललं, मग खऱ्या सिस्टीमवर चढवलं. सिस्टरने फॉर्म भरला. कर्सर निमूटपणे पुढे गेला. वजन दोन किलो नऊशे. बाकी सगळं व्यवस्थित होतं बाळाचं.

दाखला छापून झाला तेव्हा नितीन बाहेर आला. डोळे सुजले होते. तो सही करत असताना मी हळूच विचारलं, "सांगितलंत?"

"हो." त्याने पेनचं टोपण लावलं. "तिला माहीतच होतं, मॅडम. पोटातलं हलणं आदल्या संध्याकाळीच थांबलं होतं, म्हणाली. तो रडला म्हणून मी सांगत होतो तेव्हा ती नुसती ऐकत होती. म्हणे, तू इतकं मनापासून सांगत होतास, मध्ये बोलवेना."

मंदूब कागद घेऊन धावला. दफन त्याच दुपारी झालं. खैतानहून नितीनचे दोन मित्र आले होते, बाळाला हातात घेऊन तेच त्याच्याबरोबर गेले. प्राजक्ताला जाता आलं नाही.

पुढच्या आठवड्यात कमिटीने मला बोलावलं. विनापरवानगी बदल केल्याबद्दल तारेकसरांना एक मेमो मिळाला. मग माझा बदल जसाच्या तसा मंजूर झाला.

आता कोणी नवा फील्ड रिक्वायर्ड करायला सांगितला, की मी एवढंच विचारते, याचं उत्तर ज्याच्याकडे नसेल त्याने काय भरायचं? उत्तर मिळालं नाही, तर मी तो फील्ड रिकामा सोडता येईल असाच करते.