राजाला मिशी नव्हती

आमच्या मुलीच्या शाळेत दरवर्षी हस्तलिखित निघते. मुलींनी स्वतःच्या हाताने लिहिलेली, चितारलेली अशी त्याची एकच प्रत असते. ती वर्गातल्या मुलींच्या घरोघरी फिरते. एका घराने वाचायची, शेवटच्या कोऱ्या पानांवर अभिप्राय लिहायचा आणि पुढच्या घरी पोचवायची. शाळा बारामतीत असली तरी इंदापूर तालुक्यातल्या मुली बऱ्याच, म्हणून प्रत डाळज, पळसदेव, अंथुर्णे अशी हिंडून येते. कोणानंतर कोण, हे पालकांपैकी एकजण ठरवतो. यंदा ते काम माझ्याकडे होते. मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी करतो. माझे काम चोख असते, त्यामुळे असली कामे माझ्याकडेच येतात.

पहिले घर आमचेच होते. मुलगी अकरावीत आहे आणि तिची मोठी चित्रकथा या अंकात होती. तिने एक जुने संस्कृत नाटक घेतले होते. राजा आश्रमातल्या मुलीच्या प्रेमात पडतो, तिला अंगठी देतो, शापामुळे तिला विसरतो आणि माशाच्या पोटात अंगठी सापडल्यावर त्याला सगळे आठवते. मुलीने आश्रमाच्या जागी शाळेचे वसतिगृह काढले होते. राजा म्हणजे जर्सी घातलेली खो-खोची कप्तान. भिगवणला रोहित पक्षी पाहायला गेलेल्या सहलीत अंगठी उजनी धरणाच्या पाण्यात पडते, ती शेवटी एका मासेवालीला सापडते. पुढे प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर मुख्याध्यापिका कप्तानाला विचारतात, "ही तुझी कोण?" कप्तान सांगते, "मी हिला ओळखत नाही."

मी पाने मागेपुढे करून पाहिली.

"यात शाप कुठे आहे?" मी मुलीला विचारले.

"शाप नाही, बाबा. ती घाबरली."

तेव्हा मी चेहऱ्यांकडे नीट पाहिले. कप्तानाच्या भुवया माझ्या मुलीच्या होत्या. वसतिगृहातली मुलगी म्हणजे तिची अंथुर्ण्याची मैत्रीण, शाळेच्या वसतिगृहातच राहणारी आणि दर रविवारी आमच्याकडे जेवायला येणारी. तिच्या गालावरची खळीसुद्धा काढली होती.

"हे खरे आहे?"

"हो. आईला माहीत आहे."

पुढे प्रत कोणाकोणाच्या हाती पडेल, हे मी मोजू लागलो. कोणी त्या पोरीला शाळेतून काढून स्थळ बघायला लागेल. कोणी माझ्या मुलीला स्टँडवर अडवेल. प्रत गहाळ झाली असे सांगण्याचा विचार माझ्या मनात आला. मुलीला तो माझ्या चेहऱ्यावर दिसला असावा.

"अडवलीत तर मी पुन्हा काढीन," ती म्हणाली.

मी प्रत पुढे दिली.

डाळजहून एका पालकांचा फोन आला. ते म्हणाले, "चित्रं झकास हायत. फकस्त राजाला मिशी पायजे होती." मग स्वतःच हसले. "पोरींच्या शाळंत मिशी आनायची कुठनं म्हना."

मला उलगडा झाला. स्नेहसंमेलनात मुलींच्या शाळेत राजा मुलगीच होते, काजळाची मिशी लावून. लोकांना वाटले, मुलींनी बसवलेल्या नाटकाचीच ही चित्रे आहेत. पळसदेवच्या एका आजींनी तर निरोप धाडला, "आमच्या गावची मासेवाली एवढी भारी साडी नेसत न्हाय, तुमच्या पोरीला म्हनावं येऊन बघ."

मला हायसे वाटले. मुलगी मात्र ताटावरून उठली. "म्हणजे कुणी वाचलंच नाही," ती म्हणाली.

मग प्रत अंथुर्ण्याला गेली आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी मैत्रिणीचे वडील मोटारसायकलवरून आमच्या दारात आले. प्रत कापडी पिशवीत होती. पाणी दिले, ते त्यांनी तसेच ठेवले.

"पोरगी कुठं हाय, भाऊसाहेब?"

"क्लासला गेली आहे."

"बरं झालं." त्यांनी खळीचे पान उघडले. "ही आमचीच न्हवं?"

"तशी दिसते."

"दिसती न्हाय, हायच. घरात सगळी म्हनली, नाटकातलं हाय. हिच्या आईनं मातर पान मिटलं आन् भाकरी टाकायची सोडून बसून ऱ्हायली. ही कप्तान कोन?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. नाटकातलेच आहे, असे मला म्हणता आले असते. अर्धा तालुका तेच म्हणत होता.

"ती माझी मुलगी," मी म्हणालो. "आणि ते नाटकातले नाही."

त्यांनी पान मिटले.

"मला वाटलं तुमी न्हाय म्हनाल. मग दोन शिव्या हासडून मी बी मोकळा झालो असतो," ते म्हणाले. "पुढचं घर माझ्या थोरल्या भावाचं हाय."

त्यांची पुतणी त्याच वर्गात होती.

"ते घर वगळू या," मी म्हणालो.

"पुतनी रोज इचारतीय अंक कवा येनार. वगळलं की आदी संशय येनार. धाडलं तरी थोरल्याला कळंल. त्यो पोरीला वडून गावाला नेईल, मला इचारनार बी न्हाय. त्याच्या आदी तिला तुमच्याकडं ठिवा. वसतिगृह सोडायला बापाची सही लागती, ती मी करतो. त्याचा ऊस तुमच्याच काट्यावर येतो, जरा वचकून ऱ्हाईल."

"काट्यावर मी कोणाचे कमीजास्त करत नाही."

"ते मला ठावं हाय. त्याला न्हाय."

बायको दारातूनच म्हणाली, "आजच आणून सोडा तिला."

संध्याकाळी ती पोरगी एक बॅग घेऊन आली. प्रत थोरल्या भावाकडे गेली ती अजून त्यांच्याकडेच आहे. तिथून अभिप्राय नाही की फोन नाही. दोघी आतल्या खोलीत अभ्यास करतात, हसतातही. बाहेर मोटारसायकल थांबली की त्यांचे बोलणे बंद होते आणि मी उठून कडी घातली आहे ना, ते पाहून येतो.