धुळ्याची सोयरीक

माझ्या घरमालकांइतका काळजी करणारा माणूस तापी आणि गिरणेच्या मधल्या मुलखात दुसरा झाला नसेल, आणि झालाच असेल तर त्याचीही काळजी आमचे घरमालकच करत असतील. सगळे त्यांना आबा म्हणत. मूळचे भडगावकडचे. जळगावातल्या एका कॉलेजात नवे अभ्यासक्रम आखायचं काम त्यांच्याकडे होतं. कागदावर त्याला कम्युनिटी कॉलेज म्हणत. प्रत्यक्षात कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या मागे पत्र्याच्या चार खोल्या होत्या, आणि शाळा सुटलेल्या, नापास झालेल्या, हाताला काम शोधणाऱ्या माणसांना तिथं काहीतरी उपयोगाचं शिकवलं जाई. मी त्यातलाच एक. देवगडकडचा. आठवीत शाळा सुटली, चुलत्याच्या ओळखीनं पंप दुरुस्तीच्या दुकानात इतक्या लांब येऊन पडलो आणि आबांच्या मागच्या खोलीत राहिलो. ते मला कोकण्या म्हणत. त्या हाकेत इतकी माया असे की माझं खरं नाव कुणी घेतलं तर मी इकडंतिकडं बघायचो.

कॉलेजात येण्याआधी आबांचा लौकिक होता तो सोयरिकी जुळवण्यात, आणि अभ्यासक्रम आखतानाही त्यांना तीच एक रीत ठाऊक होती. नवा कोर्स काढायचा तर शिकून पोरं जिथं कामाला लागणार ते दुकान ते आधी जाऊन बघत, मुलीचं सासर बघावं तसं. मालक ओरडतो का, जेवायला सुट्टी देतो का, पंखा कोणाच्या डोक्यावर आहे, सगळं. कूलर दुरुस्तीचा कोर्स त्यांनी महिनाभर खपून आखला आणि एका दुपारीत मोडला, कारण भर वैशाखात तीन तास बसूनही दुकानदारानं पाणी विचारलं नव्हतं. आमचे प्राचार्य कपाळाला हात लावून म्हणाले, "आबा, अहो पत्रकं छापून झाली!" आबा म्हणाले, "पत्रकं परत छापता येतील, सर. दिलेली पोरं परत आणता येत नाहीत." दोन विषय जोडायचे तर त्या दोन मास्तरांना ते घरी बोलावत, समोरासमोर बसवत आणि पडद्याआडून बघत. असोद्याच्या बायकांसाठी शिवणकाम आणि हिशेब असा एक वर्ग निघायचा होता. शिवणाच्या बाई आणि हिशेबाचे मास्तर संध्याकाळभर एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. आबांना त्या रात्री जेवण गेलं नाही. अक्का, म्हणजे त्यांची बायको, भांडी आवरता आवरता म्हणाल्या, "लगीन ठरो का कोर्स ठरो, चहा मालेच करना पडस."

अशा माणसाच्या मनात जोडपदवी आली. खानदेशाला नुकतंच स्वतःचं विद्यापीठ मिळालं होतं आणि आबांना झोप येईनाशी झाली होती. पहिलं वर्ष आमच्याकडे जळगावला, हातातलं काम आणि राहिलेलं शाळेचं शिक्षण. पुढची वर्षं धुळ्याच्या एका मोठ्या कॉलेजात. शेवटी खरीखुरी पदवी. दहावी नसलेल्यालासुद्धा दार उघडं, फक्त धुळ्याला जाण्याआधी पूर्वपरीक्षा द्यायची. दोन्ही कॉलेजांचं जमलं असेल तरच विद्यापीठ कागद हातात घेणार होतं, आणि धुळ्याचे प्राचार्य एकाच गोष्टीवर अडून बसले होते: दहावी नाही तर प्रवेश नाही. म्हणजे मी नाही. आबांनी ती योजना माझ्याकडे बघूनच आखली होती हे मला कळत होतं, आणि त्यामुळे माझी भीती दुप्पट झाली होती. नाही जमलं तर माझं काय, ही एक. आणि नाही जमलं तर आबांचं काय, ही दुसरी. दुकानात मी पंपाच्या तारा उलट जोडू लागलो. "तू घाबरू नको, मी शे ना," असं आबा रोज सांगत, पण सांगताना त्यांचाच आवाज कापे.

बोलणी पारोळ्याला ठरली, आबांच्या एका ओळखीच्याच्या ओसरीवर, कारण मुलाकडच्यांनी मुलीकडे जायचं की मुलीकडच्यांनी मुलाकडे, हे आबांना ठरवता येईना. मला धुतलेला सदरा घालायला लावला. तिथं गेल्यावर माझ्या हातात पोह्यांचं ताट दिलं आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की बघायला आणलेली मुलगी मी आहे. धुळ्याचे प्राचार्य भारदस्त गृहस्थ होते, बरोबर एक किडकिडीत प्राध्यापक. पहिला तासभर आबांनी पदवीचं नावच काढलं नाही. नातीगोती उकरत राहिले. शेवटी प्राचार्यांची मावशी भडगावला दिलेली निघाली आणि आबांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"मुलगा हाच का?" प्राचार्यांनी विचारलं.

"हाच."

"शिक्षण?"

"आठवी," मी म्हणालो.

प्राध्यापक हसले. "आबा, आठवीवाला पदवीला? लोक हसतील आम्हाला."

"हसू द्या ना, भाऊ. हसून झालं की तेच विचारतील, प्रवेश कधी सुरू म्हणून."

प्राचार्य मात्र हसले नाहीत. माझ्याकडे बघत म्हणाले, "पदवी कशाला पाहिजे तुला?" या प्रश्नाचं उत्तर आबांनी माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. त्यात देशाची प्रगती होती, ग्रामीण युवक होता, स्वावलंबन होतं. त्यातलं काहीएक आठवेना. तोंडातून निघून गेलं, "सर, मला शाळा सोडायची नव्हती."

आबांनी खिशातून सुपारी आणि अडकित्ता काढला. खानदेशात चार माणसांत सुपारी फुटली की लग्न ठरलं. मग कुणाला मागं फिरता येत नाही. ओसरीवरच्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. पण आबांचे हात इतके थरथरत होते की सुपारी निसटून खाटेखाली गेली. मी वाकून काढून दिली. पुन्हा निसटली. शेकडो सोयरिकींत सुपारी फोडलेला तो माणूस, कपाळाला घाम आणि नजर खाली. मग प्राचार्यांनी हात पुढे केला, आबांच्या हातातून अडकित्ता घेतला आणि कट्कन सुपारी फोडली. अर्धी आबांच्या तळहातावर ठेवली.

"पूर्वपरीक्षा आमची," ते म्हणाले. "नापास झाला तर परत पाठवीन. आणि पास झाला तर पोरगं आमचं. रोज चौकशीला यायचं नाही, आबा."

"नाही येणार," आबा म्हणाले, आणि उपरण्यानं तोंड पुसायच्या निमित्तानं बराच वेळ पुसत बसले.

विद्यापीठानं आपला वेळ घेतला, पण कागद झाला. पहिलं वर्ष पार पडलं. पूर्वपरीक्षेत मी काठावर पास झालो. धुळ्याला निघायच्या दिवशी आबा अक्कांना म्हणाले, मी काही स्टँडवर येणार नाही. आणि माझ्याआधीच स्टँडवर हजर होते. एरवी पाण्याच्या बाटलीच्या झाकणापर्यंत सूचना करणारा माणूस त्या दिवशी नुसता माझ्या पिशवीची गाठ सोडत आणि बांधत होता. "पोचल्यावर..." एवढं म्हणाले आणि थांबले. मी पाया पडलो. गाडीत बसलो तरी मला एकच घोर लागला होता, की आता हे कुणाची काळजी करतील? ती मागची रिकामी खोली त्यांना खायला उठेल.

गाडी हलली. मी खिडकीतून डोकं काढून बघितलं. आबा बाकावर टेकले होते. शेजारी केळीच्या गाडीवरचा एक तरुण हमाल बिडी पेटवत होता. त्याच्याकडे वळून आबा विचारत होते, "कितवी शिकेल शे रे भाऊ तू?"

मला हायसं वाटलं. एरंडोल येईस्तोवर थोडा रागही आला, की इतक्या लवकर? पुढं पदवी मिळाली, बरी नोकरीही लागली. पण रात्री मध्येच जाग येते तेव्हा, माझी काळजी आता मलाच एकट्याला करावी लागते, आणि ती मला आबांसारखी जमत नाही.