गिळलेला शब्द

हूटगळ्ळीच्या बसमध्ये एक गृहस्थ रोज खिडकीशी बसत आणि रुमाल टाकून शेजारची जागा माझ्यासाठी अडवत. पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहिलेल्या घरातली त्यांची कन्नडमिश्रित मराठी. एकदा म्हणाले, "आई गेली री. बायकोपोरं सगळी कन्नडच बोलतात. मराठी शब्द तोंडात येतो, मग तसाच गिळतो. ह्याला तुमच्या पुण्याकडं काय म्हणतात?"

मी पडलो शब्दांचा हौशी दुकानदार. 'पोरकेपणा', 'एकटेपणा' असे तागे उलगडून दाखवले. प्रत्येकाला त्यांनी मानेनंच नको म्हटलं. मग मी नेमका शब्द शोधत गप्प बसलो, तो थेट त्यांचा स्टॉप येईपर्यंत.

उतरताना रुमाल झटकत ते म्हणाले, "शब्द राहू दे री. तुम्ही नुसतं बोलत बसायचं होतं."

जन्मभर मी नको तिथे बडबडलो. गप्प बसायची अक्कल एकदाच सुचली, तीही तिथेच.