कूपनवाल्या वन्सं

माझ्या थोरल्या नणंदेला मी वन्सं म्हणते. ही हाक आता कुणी मारत नाही. मीही नवीन असताना ती गमतीत मारली होती, पण त्यांना ती इतकी आवडली की परत घ्यायची सोयच राहिली नाही.

वन्सं एका चष्म्याच्या दुकानात कामाला आहेत. समोरच्याच्या नाकाचा घाट नि कानाची ठेवण बघून फ्रेम काढायची, सैल काडीचा स्क्रू आवळायचा, नाकावर रुतणारी गादी बदलायची, ही त्यांची कामं. त्यांच्या हातून चष्मा घेतलेल्या माणसाला आरशात स्वतःबद्दल थोडं बरंच वाटतं. त्यांच्या घरी त्या आणि दाजी अशी दोघंच. दाजी प्लंबर आहेत आणि नळातून येतं त्याहून कमी त्यांच्या तोंडातून येतं.

सगळी सुरुवात दाजींच्या बुटांपासून झाली. ओल्यात काम करायला त्यांना रबरी बूट हवे होते. वन्संनी फोनवर ते निवडले, पैसे भरायच्या पानावर आल्या, तर तिथे एक छोटी रिकामी चौकट. ‘कूपन कोड असल्यास इथे लिहा.’ रिकामी चौकट वन्संना बघवत नाही. त्यांच्या घरातल्या भिंतीच बघाव्यात, एकही मोकळी नाही. चष्म्याच्या दुकानातल्या कॅशियरने त्यांना त्या बूटवाल्यांचाच एक कोड दिला. तो टाकला आणि वरचा आकडा डोळ्यांदेखत उतरला.

“उतरला गं! मी काही घासाघीस केली नाही, कुणाचं तोंड बघितलं नाही, आणि उतरला!” त्या मला फोनवर सांगत होत्या.

त्या दिवसापासून आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर कोडांचा पाऊस सुरू झाला. सकाळी दात घासताना फोन वाजला तर समजायचं, टूथब्रशवर सूट आहे. वन्सं मनाने सढळ, त्यामुळे मिळालेला कोड एकटीने वापरणं त्यांना पाप वाटायचं. माझ्या नवऱ्याला, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाला, डोक्यावर केस नसताना त्यांनी शाम्पूचा कोड पाठवला.

“ताई, मी हा लावू कुठे?”

“ठेव रे. मुदत महिनाअखेरपर्यंत आहे.”

केस यायला ती मुदत पुरेशी आहे असं त्यांना वाटलं असावं.

एकदा त्यांना चहाची गाळणी हवी होती. कोड होता, पण तो ठरावीक रकमेच्या वर खरेदी केली तरच चालायचा. म्हणून गाळणीबरोबर उशांचे अभ्रे घेतले. तरी थोडं कमी पडत होतं, म्हणून छत्री घेतली. घरात तीन छत्र्या आधीच होत्या. माझा नवरा म्हणाला, “ताई, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!” वन्संनी शांतपणे उत्तर दिलं, “मसाल्यावरही सूट होती.”

मग नव्या ग्राहकांचे कोड. पहिल्या खरेदीला चांगली सूट मिळते हे कळल्यावर वन्संनी घरातल्या प्रत्येकाला नवा ग्राहक करून टाकलं. दाजींच्या नावाने खातं, माझ्या नावाने खातं. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे वन्संच्या आईने, आयुष्यात फोनचं हिरवं बटण सोडून दुसरं दाबलेलं नाही, पण एका दुकानाने त्यांना ‘आमच्या लाडक्या सदस्य’ म्हणून सुरकुत्यांच्या क्रीमची जाहिरात पाठवली. सासूबाईंनी ती वाचून घेतली आणि म्हणाल्या, “यांना कुणी सांगितलं?”

शेवटी त्या दुकानाच्या लक्षात आलं की इतके सगळे नवे ग्राहक एकाच पत्त्यावर, एकाच कार्डाने खरेदी करतात. त्यांनी सगळी खाती बंद केली, आणि वन्संच्या मूळच्या खात्यात साठलेले पॉइंटही त्यातच बुडाले. तेल गेलं, तूप गेलं. त्याच सुमारास हेही उघड झालं की एका कोडावर ‘पहिला महिना फुकट’ मिळालेल्या बागकामाच्या वर्गाचे पैसे पुढे दर महिन्याला कापले जात होते, कारण तो वर्ग वेळेत बंद करायचा असतो हे खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं. वन्संच्या घराला बाल्कनी नाही. खिडकीत एक निवडुंग आहे, तोही प्लास्टिकचा.

दाजी तेव्हा एवढंच म्हणाले, “दुकानात सगळ्यांना खालची ओळ वाचायला लावतेस ना गं?”

त्यांच्या मानाने ते भाषणच झालं.

आता हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो. खरी गोष्ट पुढे आहे.

सासूबाई आमच्याकडे राहतात. त्यांच्या गुडघ्यांनी हात टेकलेत. खुर्चीतून उठताना त्या आधी टेबलाला, मग भिंतीला, मग आम्हाला धरतात. वन्संनी कुठेतरी अशी एक खुर्ची पाहिली की जिचं बटण दाबलं की बैठक हळूहळू वर येते आणि माणसाला उभं करून सोडते. त्यांनी ठरवलं, आईला ही घ्यायचीच, आणि ती मीच घेणार.

सासूबाईंनी ऐकताक्षणी कानावर हात ठेवले. “मला काय विमान उडवायचंय? चार पायांची खुर्ची पुरे आहे मला. दोन माझे, दोन तिचे.”

“तिचे चार असतात, आई.”

“मग माझे मोजूच नकोस. तसेही काही कामाचे नाहीत.”

खुर्ची महाग होती. वन्संनी आपल्या पगारातून बाजूला टाकलेले पैसे होते, तरी कोड शोधणं आलंच. त्यांनी बरेच कोड टाकून पाहिले. कुठला संपलेला, कुठला दुसऱ्याच देशातला, कुठला फक्त उशांवर चालणारा. आणि मग त्यांना एक पान सापडलं, ज्यावर त्या खुर्चीवर निम्म्याहून जास्त सूट देणारा कोड होता. फक्त तो झाकलेला होता. ‘कोड उघडण्यासाठी आपलं कार्ड पडताळून घ्या. पैसे कापले जाणार नाहीत.’ बाजूला घड्याळ उलटं धावत होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘आता दोनच शिल्लक.’

दुकानात गर्दी होती. एका हातात कुणाची तरी फ्रेम, दुसऱ्या हातात फोन. वन्संनी कार्डाचा नंबर भरला. बँकेचा ओटीपी आला, तोही भरला. घड्याळ थांबलं. कोड काही उघडला नाही. थोड्या वेळाने बँकेचा मेसेज आला, आणि खुर्चीसाठी जमवलेल्या पैशांतला मोठा भाग गेल्याचं त्यांना कळलं.

आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आम्हाला जाणवली ती शांतता. ग्रुपवर कोड येईनासे झाले. पहिल्या दिवशी माझा नवरा म्हणाला, “वा, काय निवांत सकाळ आहे.” दुसऱ्या दिवशीही तो तेच म्हणाला, पण जरा कमी जोराने. पुढे तो दात घासताना फोन उचलून बघायला लागला. मी वन्संना खुर्चीचं विचारलं, तर “तो माल संपलाय म्हणे,” एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. वन्सं स्वतःहून फोन ठेवतात म्हणजे काहीतरी गंभीर आहे.

मी चष्मा नीट करून घ्यायच्या निमित्ताने त्यांच्या दुकानात गेले. त्यांनी माझा चष्मा घेतला, काडी गरम करून वाकवली, काच पुसली, पुन्हा पुसली, आणि पुसतच राहिल्या.

“वन्सं, झिजेल ती.”

त्यांनी वर बघितलं तर डोळे भरलेले. मग काउंटरच्या मागे स्टुलावर बसून त्यांनी मला सगळं सांगितलं. “बँकेला फोन करून कार्ड बंद केलं गं लगेच. तक्रारही केली. थोडे परत मिळतील म्हणालेत, बाकीचं सांगता येत नाही. पण मी इतकी बावळट कशी झाले? तुम्ही सगळे हसता ना मला, ते बरोबरच आहे.”

त्यांना चिडवायचे शंभर प्रकार मला येतात, समजूत घालायचा एकही नाही. मी म्हटलं, “चला, आमच्याकडे चला. आईंना सांगू.”

“आईला अजिबात नको!”

पण त्या आल्या. आणि मनात काही ठेवणं त्यांना कधी जमलेलं नाही, त्यामुळे दारात चपला काढता काढताच त्यांनी आईला सगळं सांगून टाकलं.

सासूबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मध्ये एकदा “मेले,” म्हणाल्या, ते त्या कोडवाल्या चोरांना. आम्हाला वाटलं, आता ‘मी सांगत होते’ सुरू होणार. त्यांनी लेकीकडे जरा वेळ बघितलं. वन्सं मान खाली घालून पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या.

“बरं,” सासूबाई म्हणाल्या, “मग माझी खुर्ची कधी येणार?”

“अगं, तूच तर नको म्हणत होतीस!”

“तेव्हा नको होती. आता हवी आहे. गुडघे फार दुखायला लागलेत.” आणि त्या चक्क विव्हळल्या. सासूबाईंना अभिनय येत नाही, पण वन्संना तेव्हा तो खरा वाटला, किंवा त्यांनी तसं दाखवलं. “नीट बघून घे म्हणजे झालं. मला घाई नाही.”

वन्संची मान वर आली.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. वन्सं तर ताकाला थर्मामीटर लावायला लागल्या. यावेळी त्यांनी सरळ कंपनीच्याच साइटवर नाव नोंदवलं, तेव्हा कंपनीनेच स्वागताचा एक कोड पाठवला. त्याच्या अटी वन्संनी आमच्या हॉलमध्ये उभ्या राहून मोठ्याने वाचल्या. आधीच सवलतीत असलेल्या मालावर कोड चालणार नाही. दोन कोड एकत्र चालणार नाहीत. खुर्ची परत केली तर पाठवणीचा खर्च आपला. माझा नवरा पहिल्या पानावर झोपला, तर त्याला उठवून दुसरं पान ऐकवलं.

कुठल्याही पानाने कार्ड मागितलं की त्या हात मागे घ्यायच्या. “कोड बघायला कार्ड कशाला रे? दुकानाच्या दारात कुणी पाकीट मागतं का?” घड्याळ उलटं धावताना दिसलं की त्या फोन पालथा ठेवून चहा करायला जायच्या. परत आल्या की ते घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेलं असायचं. “बघ, लबाड!” असं म्हणून त्या मला बोलवायच्या. एका ठिकाणी मोठा सेल होता, पण वन्सं आठवडाभर तिथला भाव बघत होत्या. सेलच्या आदल्या दिवशी दुकानवाल्यांनी तो वाढवला होता आणि मग उतरवून दाखवला होता. वन्संचा संताप संताप झाला. दाजी नळ दुरुस्त करायला जातील तिथे ही हकिकत सांगतात, असं ऐकलं. दाजी आणि हकिकत!

शेवटी कंपनीच्या साइटवरच मामला अडला. तपकिरी खुर्चीला वन्संचा कोड लागत होता. निळ्या खुर्चीला लागत नव्हता, कारण ती आधीच सवलतीत होती. त्यांनी घरपोच आणायचा नि जोडून द्यायचा खर्च धरून दोन्हींचा हिशेब केला. निळी स्वस्त पडत होती. कोडाशिवाय.

“म्हणजे चौकट रिकामी ठेवायची?” वन्सं म्हणाल्या. आवाज असा की जणू कुणी पाहुण्याला उपाशी पाठवायला सांगितलंय.

“रिकामीच ठेवायची,” मी म्हटलं.

“तपकिरी रंग आईला शोभला असता.”

“मला निळाच आवडतो,” सासूबाई आतून ओरडल्या.

“एकदा टाकून तरी बघते,” म्हणत वन्संनी निळ्यावर कोड टाकला. लाल अक्षरं उमटली. पुन्हा टाकला. पुन्हा लाल. माझा नवरा काही बोलणार होता, मी त्याला कोपराने ढोसलं. मग वन्संनी एक मोठा श्वास घेतला आणि रिकाम्या चौकटीकडे न बघता बटण दाबलं. मी त्यांना चहा दिला.

बँकेकडून अर्धेअधिक पैसे त्याआधीच परत मिळाले होते; बाकीचे गेले ते गेलेच, ती तूट वन्संनी पगारातून भरली. खुर्ची मात्र धडधाकट आली. दाजींनी ती जोडायला आलेल्या माणसाशेजारी बसून सगळे बोल्ट पुन्हा तपासले. सासूबाई बसल्या, बटण दाबलं, आणि घुर्र करत हळूहळू वर आल्या, टेबल नाही, भिंत नाही, आम्ही नाही. उभ्या राहिल्यावर त्यांनी इकडेतिकडे असं बघितलं की जणू घराची उंचीच वाढलीय. वन्संनी तेवढ्यात दोनदा डोळे पुसले आणि चष्म्याला नावं ठेवली.

ग्रुपवर आता कोड पुन्हा येतात, पण प्रत्येकाखाली वन्संची टीप असते: मुदत कधी संपते, कशावर चालतो, आणि ‘गरज नसेल तर घेऊ नका’. शेजारच्या बायका काही मागवायच्या आधी त्यांना फोन करतात आणि तासभर ऐकून घेतात. सासूबाईंना मात्र हा तास परवडत नाही. रविवारी वन्सं आल्या आणि आईसमोर बसून कुठल्याशा कढईच्या अटी वाचायला लागल्या की सासूबाई थोडा वेळ मान डोलवतात. मग त्यांचं बोट हळूच बटणावर जातं. घुर्र होतं, सासूबाई वाक्याच्या मध्येच वर यायला लागतात, आणि लेक तिसऱ्या अटीपाशी पोचेपर्यंत त्या स्वयंपाकघरात पोचलेल्या असतात.